एका उकाराचा सत्कार

काळाचौकी, मुंबई
मंगळवार, दुपार

प्रिय मित्र गंगाधर,

सप्रेम जय भीम. तुझा उलट नमस्कार पोचला असं धरून चालतो. तुझा गुडघा काय म्हणतो? पेणची हवा मानवली का? जुई आणि जावईबापू बरे असतील. वहिनींची कंबर वाकताना दुखते की उठताना, हे मागच्या वेळी विचारायचं राहिलं (आमच्या इथल्या डॉक्टरांच्या मते दोन्हींची औषधं वेगळी आहेत). खरं तर फोनच करणार होतो, पण तुझं कानाचं मशीन आणि माझा फोन यांचं एकमेकांशी जमत नाही. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं मी तुला सांगितलं तेव्हा तू "वा वा, अभिनंदन! पेढे कधी?" म्हणालास. त्या दिवसापासून ठरवलं, की महत्त्वाचं काही असेल तर गंगाधरला लिहूनच कळवायचं. आता जे लिहिणार आहे ते महत्त्वाचं आहे. गेल्या रविवारी भोईवाड्यात तुझा जाहीर सत्कार झाला. अतिशय सुंदर झाला. तुझ्या जागी मी होतो, एवढंच.

रागावू नकोस, आधी सगळं वाच. तू मराठीचा मास्तर, अर्धा धडा वाचून सारांश लिहिणाऱ्या पोरांना तू कसा सोलून काढायचास ते मला माहीत आहे.

इकडे मी मजेत आहे. चाळ पाडून टॉवर झाला हे तुला ठाऊकच आहे. मला एकोणिसावा मजला मिळाला. खिडकीतून पार शिवडीची खाडी दिसते, थंडीत फ्लेमिंगो येतात तेव्हा चिखलावर गुलाबी रांगोळी सांडल्यासारखी दिसते. दाखवायला कोणी नसल्यामुळे मी ती एकटाच बघतो आणि एकटाच "बघ, बघ" म्हणतो. बकुळा जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी ही संसारातली सवय सुटत नाही. राजरत्न कॅनडातून दर शनिवारी बापाला बघायला व्हिडिओवर येतो. त्याला माझं कपाळ दिसतं, मला त्याच्या घरचा पंखा दिसतो. शेजारी सगळे आपल्या चाळीतलेच आहेत म्हणे, पण दारं बंद असल्यामुळे खात्री करता येत नाही. पूर्वी एका खोलीत फोडणी पडली की सबंध मजला शिंकायचा. आता माझ्याशी दिवसातून नियमितपणे बोलणारी एकच बाई आहे, ती लिफ्टमधली. "कृपया दरवाजा बंद करें" म्हणते. मी "होय बाई" म्हणतो. (तिच्या आवाजात मायेपेक्षा शिस्त जास्त आहे, पण आपण दोघं आयुष्यभर मुख्याध्यापिकांच्या हाताखाली काम केलेली माणसं; आपल्याला चालतं.)

तर अशा या भरगच्च दिनक्रमात परवाच्या आठवड्यात फोन वाजला. पलीकडून खणखणीत आवाज. "हॅलो, तांबे सर ना? आपल्या शाळेतले? सर, मी विक्रांत, एक्याण्णवची बॅच! ओळखलंत का?" मी "हो हो" म्हटलं. (ओळखलं नव्हतं. पण चौतीस वर्षांनी फोन करणाऱ्याला 'नाही' म्हणणारा मास्तर अजून जन्मायचाय.) "सर, आम्ही गेट-टुगेदर ठेवलंय. तुमचा सत्कार करायचाय. तुमच्याशिवाय मजा नाय." गंगाधर, तू तटस्थपणे बघ. त्यानं तांबे सर का म्हणून विचारलं, मी तांबे. शाळेतले का विचारलं, मी शाळेतला. एकाही प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलेलं नाही. मस्टरवर तू ग. तांबे आणि मी गु. तांबे, तुझ्यामाझ्यात उभ्या आयुष्यात फक्त एका उकाराचा फरक. तो उकार फोनवर ऐकू येत नाही, याला मी काय करणार? त्याच उकारापायी एकदा माझी रजा तुला मंजूर झाली होती आणि तू ती बिनदिक्कत घेऊन अलिबागला गेला होतास. आठवतंय ना? मग झालं तर.

रविवारी सकाळी मी तयार झालो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन (शाई नव्हती, पण पेन लावल्याशिवाय मला उभं राहिल्यासारखं वाटत नाही). न्यायला गाडी येणार होती, तिच्या बऱ्याच आधी खाली जाऊन वॉचमनजवळ उभा राहिलो. त्यानं खुर्ची दिली, ती मी घेतली नाही, शर्टाला घडी पडली असती. वॉचमनला मी सहज सांगितलं, की माझे विद्यार्थी येतायत. मग पेपरवाला आला, त्यालाही सहज सांगितलं. मग एक बाई कुत्रं घेऊन खाली आल्या. तिथं मात्र मी स्वतःला आवरलं.

गाडी घेऊन माया आली. त्याच बॅचमधली, आता भोईवाडा कोर्टात वकिली करते. केस पिकलेत, नजर मात्र अशी की आपण गुन्हा केला नसला तरी कबूल करावासा वाटेल. गाडीतून उतरून ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बंद केलं, आणि दार उघडून म्हणाली, "बसा सर." मला वाटलं, गहिवरली.

हॉल भोईवाड्यातल्या एका मंडळाचा. दारात मोठा बॅनर: आदरणीय गुरुवर्य श्री. गंगाधर तांबे सर. तो वाचून मला काय वाटलं म्हणतोस? काहीही वाटलं नाही! माझं नाव छापखान्यात नेहमीच चुकतं. आमच्या लग्नपत्रिकेतसुद्धा मी गुलाबराव होतो. म्हटलं पोरांनी हौसेनं केलंय, जाऊ दे. आत गेलो तर पन्नाशीची चाळीसएक माणसं उभी राहून एका सुरात "नमस्तेऽऽ सर" म्हणाली, आणि गंगाधर, 'बसा' म्हणायला माझा हात आपोआप वर गेला. टकलं पडलेली, पोटं सुटलेली, गुडघ्याला पट्टे बांधलेली ती माणसं, आणि सूर तोच, शेवटी तसाच लांबवलेला. एक गृहस्थ तर जेवणाच्या आधी माझ्यासमोर करंगळी वर करून उभे राहिले. मी "जा" म्हटलं तेव्हा गेले. (बँकेत मॅनेजर आहेत म्हणे.)

घोटाळा माझ्या लक्षात आला तो संघर्ष नावाचा एक जण पाया पडला तेव्हा. धिप्पाड माणूस, पण वाकला तो उठेचना. म्हणाला, "सर, गिरणी बंद पडली तेव्हा बाबा मला शाळेतून काढणार होते. तुम्ही रोज संध्याकाळी यायचात आणि आमच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसायचात. बाबांशी एक शब्द बोलला नाहीत. नुसते बसायचात. शेवटी बाबाच कंटाळून म्हणाले, त्या मास्तरला सांग, जाईल पोरगा शाळेत, पण आता त्याला घरी जाऊ दे." आणि एवढा मोठा माणूस माझ्या शर्टावर डोकं ठेवून रडायला लागला. इस्त्री गेली. ती जाऊ दे. पण मी कोणाच्या खोलीबाहेर कधी बसलो नव्हतो रे. शाळा सुटली की मी सरळ घर गाठायचो. म्हणजे हे तू होतास. आणि हे तू मला कधी सांगितलंही नाहीस! वीस वर्षं आपण एकाच बाकावर बसून एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं, आणि मला वाटायचं तू संध्याकाळी रमी खेळायला जातोस.

तिथंच उभं राहून सांगायला हवं होतं, की बाबांनो, तुमची माणसाची निवड चुकली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात विक्रांतनं माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो काढला. मग वैशाली म्हणून एक होती, तिनं सांगितलं की स्नेहसंमेलनात ती भाषण विसरली तेव्हा मी (म्हणजे तू) विंगेतून स्वतःच चुकीचं वाक्य मोठ्यानं म्हणालो आणि सगळी शाळा तिला सोडून मला हसली. मग आणखी कोणी, आणखी कोणी. एकेक जण यायचा, माझा हात हातात घ्यायचा आणि तुझ्याबद्दल बोलायचा. आणि मी ऐकत राहिलो. खरं सांगतो, गंगाधर, हात सोडवत नव्हता. कितीतरी महिन्यांत माझा हात कोणी धरला नव्हता. डॉक्टर धरतात, पण ते घड्याळाकडे बघतात.

संकट आलं ते नंतर. कोणीतरी ओरडलं, "सर, ती कविता! तुमच्या चालीवर!" झालं. सगळे टाळ्या पिटायला लागले. तुला माझा गळा माहीत आहे. प्रार्थनेच्या वेळी सुद्धा मुख्याध्यापिकाबाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. मी घशाला हात लावून खोकलो, डॉक्टरांनी मनाई केलीय असं खुणेनं सांगितलं. तर ती चाळीस माणसं म्हणाली, असू दे सर, आम्हीच म्हणतो. आणि म्हणायला लागली. सबंध कविता, तुझ्या चालीवर, तू ज्या ठिकाणी उगाच थांबायचास त्या ठिकाणी थांबून. तू नववी 'अ'मध्ये ती कविता घ्यायचास तेव्हा शेजारच्या 'ब'मध्ये मी नकाशा टांगून उभा असायचो. मध्ये फक्त लाकडाची फळी. माझी पोरं नकाशाकडे बघत तुझी कविता ऐकायची. मीही ऐकायचो. दर वर्षी, जूनच्या शेवटाला. आता तिथं शाल पांघरून बसल्याबसल्या माझे ओठ हलायला लागले आणि शब्द न् शब्द येत होता. पोरांना वाटलं सरांना भरून आलं. आलंच होतं, पण वेगळ्या कारणानं.

जेवायला पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी. ते व्यवस्थित चाललं होतं. तेवढ्यात बँकेचे मॅनेजर म्हणाले, "सर, तुमच्याच आडनावाचे आणखी एक सर होते ना? नकाशावाले? ते कुठं असतात हल्ली?" माझ्या तोंडात पुरी होती. मला असं म्हणायचं होतं, की ते कुठं गेलेले नाहीत, ते हे काय तुमच्यासमोर बसलेत, आणि आता सगळं सांगून टाकतो. एवढं मोठं वाक्य मी जुळवायला घेतलं, त्यातला एकच शब्द बाहेर आला आणि पुढचा पुरीला अडला. तो शब्द होता "गेलेऽऽ". तू मराठी शिकवलंस, तूच सांग, आपल्या भाषेत 'गेले' म्हटल्यावर पुढचं वाक्य ऐकायला कोणी थांबतं का?

"अरेरे," मॅनेजर म्हणाले. "अरेरे," शेजारचे म्हणाले. मी ठसक्यानं लाल झालो, हात हलवायला लागलो, तर वैशाली माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, सरांना त्रास होतोय, जवळचे मित्र होते ना. पाणी येईपर्यंत विक्रांत माईकवर पोचला होता. "मित्रांनो, एक दुःखद बातमी. आपले दुसरे तांबे सर आता आपल्यात नाहीत. आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहूया."

सगळे उभे राहिले. मीही राहिलो. काय करणार? बसून राहिलो असतो तर वाईट दिसलं असतं.

मान खाली घालून मी स्वतःसाठी उभा होतो, आणि मागून कुजबुज ऐकू आली. "कोण रे गेले?" "ते रे, ते... इतिहासवाले." "उंच होते ते?" "नाय रे, ते पाटील सर." "मग हे कुठले?" "मला पण नाय आठवत. मान खाली घाल." आणि मग एका बाईचा आवाज, हळू पण स्पष्ट: "भूगोल. भूगोल होता त्यांचा." कोणाचा तरी फोन वाजला. पुऱ्या थंड व्हायला लागल्या होत्या म्हणून असेल, विक्रांतनं दोन मिनिटं लवकरच संपवली. सगळे बसले, श्रीखंडाचं भांडं पुढे सरकलं. कोणी वाईट नव्हतं, गंगाधर. पोरं चांगली आहेत. पण माणूस मेल्यावर लोक काय बोलतात ते त्याला ऐकू येत नाही ही निसर्गाची फार मोठी सोय आहे, एवढं माझ्या लक्षात आलं. आणि त्यानंतर खरं सांगण्याचा धीर माझ्यात उरला नाही. मेलेल्या माणसानं उठून आपण जिवंत असल्याचं जाहीर करायचं, तर निदान कोणाला तरी तो हवा असायला हवा.

परत सोडायलाही मायाच होती. मी शाल घडी करून मांडीवर घेऊन बसलो होतो. लालबागच्या सिग्नलला गाडी थांबली. समोर बघतच ती म्हणाली, "सर, तुम्ही गुणाजी तांबे ना?"

मी शालीची घडी मोडून पुन्हा घातली.

"मी सकाळीच ओळखलं. गाडीतून उतरले तेव्हाच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? इस्त्रीचा शर्ट घालून उभे होतात, खिशाला पेन. वॉचमन मला म्हणाला, आलात? सर कधीचे वाट बघतायत. आता अशा माणसाला परत वर जा म्हणू?" मग जरा हसली. "आणि तुम्ही तरी कुठं सांगितलंत? उलट स्वतःला मारूनच टाकलंत."

"ते पुरीमुळं झालं," मी म्हटलं. हा बचाव तिनं कोर्टात ऐकला नसावा. ती इतकी हसली की मागच्या टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला, सिग्नल कधीच सुटला होता.

मग मला राहवलं नाही. विचारू नये ते विचारलं. "माया, तुला माझं काय आठवतं?"

वकील असून तिला पटकन काही चांगलं बोलता येत नव्हतं, याचाच मला आदर वाटला. "खरं सांगू सर? फार नाही आठवत. टुंड्रा आठवतं."

"टुंड्रा?"

"तुम्ही टुंड्रा प्रदेश शिकवायचात ना, तेव्हा असं काही 'टुंड्रा' म्हणायचात की थंडी वाजायची. एप्रिल महिना असला तरी. मला वाटायचं तुम्ही तिकडे जाऊन आलायत."

मी तर बदलापूरच्या पलीकडेही फारसा गेलेलो नाही. पण घरी आल्यावर आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं. टुंड्रा. गंगाधर, मला खरंच चांगलं म्हणता येतं.

तर असा तुझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि मानपत्र तुझं आहे, मी नुसता वाहक. नारळ फार दिवस टिकणार नाही म्हणून त्याची वाटणी मी माझ्या पातळीवर केली (चटणी चांगली झाली होती). बाकीचं लवकरच पाठवतो. वहिनींना नमस्कार, जुईला आशीर्वाद. गुडघ्याला जप. खोलीबाहेरच्या बाकड्यांवर फार बसलास, त्याचंच हे असणार.

तुझा,
गुणाजी
(उकारासहित)

ता. क. शाल लवकरच पाठवतो असं वर लिहिलंय. इतक्यात पाठवत नाही. पेणला तशी थंडी नसते.

ता. क. दोन. मी गाडीतून उतरताना मायानं तुझा पत्ता मागितला होता. मी म्हटलं, कुठंतरी ठेवलाय, शोधावा लागेल. तो मला तोंडपाठ आहे. पण तू विचार कर, पत्ता दिला की ती सगळी तुझ्याकडे येणार, मग इकडे एकोणिसाव्या मजल्यावर कोण कशाला येईल? त्यांच्या ग्रुपवर अजून मी तूच आहे. रोज सकाळी चाळीस जण मला सुप्रभात पाठवतात, फुलांसकट. तेव्हा पत्ता द्यावा की न द्यावा, हे तूच कळव.

ता. क. तीन. कळवू नकोस. पाकीट चिकटवायच्या आधी मायाला फोन करून पत्ता देऊन टाकला. संघर्षचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना. ज्याच्यासाठी तो रडला त्याच्याच शर्टावर त्यानं रडायला हवं. मायानं ग्रुपवर सगळं सांगितलं. संध्याकाळी विक्रांतचा फोन आला, बिचारा इतका ओशाळला होता की त्याला वाक्य सापडेना. शेवटी म्हणाला, "सर, तुम्ही जिवंत आहात हे ऐकून बरं वाटलं." असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

ता. क. चार, आणि शेवटचं. या नाही, पुढच्या रविवारी ते सगळे शिवडीच्या पुलावरून दहा गाड्या घेऊन तुझ्याकडे येतायत. मशीन कानात घाल, कविता तयार ठेव. माया म्हणाली, सर, माझ्या गाडीत एक जागा रिकामी आहे, येता का? मी "बघतो" म्हटलं. ते तुझे विद्यार्थी, तुझं घर, मी कोणत्या नात्यानं येऊ? मुंबई सोडून जाताना तू मला "ये रे कधीतरी" म्हणाला होतास खरा, पण कधीतरी नावाचा वार माझ्या कॅलेंडरात सापडत नाही. तेव्हा एक कर. जुईकडून माझ्या फोनवर दोन ओळी पाठव, की गुणाजी, रविवारी ये. जमलं तर राहायलाच ये असं लिही. माझी बॅग लहान आहे.